ओहमची उठाठेव

स्पीकरच्या पाठीवर ‘८ ओहम’ असं छापलेलं असतं; ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. त्यावर विश्वास ठेवावा, पण फार खोलात शिरू नये. माझा मेव्हणा खोलात शिरणाऱ्यांपैकी आहे. नवे स्पीकर खोक्यातून निघतात न निघतात तोच त्याने खिशातून मल्टिमीटर काढला. (जी माणसं पाहुणी येतानाही खिशात मल्टिमीटर घेऊन येतात, त्यांना चहा बाहेरच्या बाहेर द्यावा.) दोन टोकं टर्मिनलना लावली आणि चेहरा पाडून म्हणाला, “भावोजी, सहा पॉइंट दोन. फसवलं तुम्हाला.”

कुणीही फसवलेलं नव्हतं. मीटर मोजतो तो व्हॉइस कॉइलच्या (स्पीकरचा पडदा हलवणाऱ्या वेटोळ्याच्या) तारेचा नुसता रोध, तोही डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. ८ ओहमचा स्पीकर तिथे सहाच्या आसपासच भरतो. गाणं वाजायला लागलं की इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या विजेला होणारा एकूण अडथळा, सुरागणिक हलतो. वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, ज्या सुराला आपसूक डोलतो त्या रेझोनन्सपाशी तो ३०-४० ओहमवरही जाईल, तिथून घसरून साडेसहा-सातवर येईल आणि पट्टी चढत गेली की कॉइलच्या इंडक्टन्समुळे (वीज जितकी भरभर बदलेल तितकं तिला जास्त अडवण्याच्या गुणामुळे) पुन्हा वर सरकेल. मानकाचा दंडक एवढाच, की छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली उतरू नये. म्हणजे आठाला तळ ६.४.

“मग नक्की किती ओहम?” मेव्हण्याने विचारलं.

“कुठल्या सुराला?”

मी उसने पैसे बुडवतोय अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं.

या विषयातली खरी अडचण ही, की आकडा लहान तितकं ओझं मोठं. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमवाल्यापेक्षा अँपला, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या अँप्लिफायरला, जड. हे एका दमात कुणालाच पटत नाही. अँप २० व्होल्ट देत असेल तर ८ ओहमवर अडीच अँपिअर करंट आणि ५० वॉट. ४ ओहमवर ५ अँपिअर आणि १०० वॉट. मेव्हण्याला यातला फक्त १०० हा आकडा ऐकू आला. दुप्पट वॉट म्हणजे जेमतेम ३ डेसिबल, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, हे मी सांगेपर्यंत तो घरी जाऊन एका जातीचे चार जुने स्पीकर घेऊन आला होता. चारही ८ ओहमचे.

तेवढ्यात मोठे काका आले. काकांकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा, अँप आहे आणि त्याहून जुनी मतं आहेत. “आधी मॅचिंग बघा, अँप-स्पीकरचे ओहम जुळवा,” ते म्हणाले. त्यांच्या अँपच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहे. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार हवा असतो, स्पीकर असतो आठाचा. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसून दोघांची समजूत घालतो. म्हणून त्याच्या मागे ४, ८, १६ असे वेगळे टॅप (जोडणीची टोकं) असतात आणि जो स्पीकर, तो टॅप. ट्रान्झिस्टर अँपला हे सोवळं नाही. त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध बहुधा ओहमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तो कुणाशी जुळवायचा? खरोखर ८ ला ८ जुळवले तर निम्मी शक्ती अँपच्याच पोटात उष्णता होऊन बसेल. त्याच्या बाबतीत मागच्या पट्टीवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जायचं नाही, बस. वर कितीही जा; आवाज थोडा उतरेल, बाकी काही नाही.

पण काका ऐकून घेतात थोडेच! “एक लक्षात ठेव,” ते मुलीला म्हणाले, “अँप चालू असताना स्पीकरची वायर कधी काढायची नाही. जळतो.”

“आजोबा, वायर काढली तर काही होत नाही. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर जळतो.”

“मी पन्नास वर्षं बघतोय.”

“मीपण व्हिडिओ बघितलाय.”

दोघंही बरोबर होते, म्हणून भांडण मिटेना. स्पीकर नसताना व्हॉल्व्ह अँपवर जोराचा सिग्नल आला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये भलता व्होल्टेज चढून आतलं इन्सुलेशन फाटू शकतं. ट्रान्झिस्टर अँप रिकामा बसू शकतो. त्याचा जीव शॉर्टला जातो. मी हे समजावत असताना पलीकडे ‘टक’ असा आवाज आला आणि अँपचा लाल दिवा लागला. मेव्हण्याने चारही स्पीकर एकाच चॅनलला पॅरललमध्ये (प्रत्येकाला वेगळा रस्ता देऊन) जोडून आवाजाचा खटका पार फिरवला होता. चार आठांचे पॅरललमध्ये होतात २ ओहम. अँपवर लिहिलेलं किमान ४. प्रोटेक्शन जागं होतं म्हणून बचावलो.

“आवाज येत होता की नाही?” बायकोने विचारलं. घरात एवढा एकच मुद्द्याचा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला.

मग मी दोन-दोन स्पीकर सिरीजमध्ये (एकामागे एक, एकाच रस्त्यावर) घेतले, १६-१६ च्या दोन जोड्या झाल्या, त्या जोड्या एकमेकींना पॅरलल केल्या. एकूण ८. लाल दिवा गेला, गाणं लागलं. मेव्हणा मात्र खट्टू. “चार लावून परत आठच? मग चार कशाला आणले?”

रात्री निघताना त्याने एक स्पीकर परत नेण्यासाठी सोडवला आणि त्याबरोबर त्याचा जोडीदारही गप्प झाला. सिरीजमध्ये एक निघाला की दुसऱ्याचा रस्ताच बंद. उरलेली जोडी पहिल्याइतक्याच आवाजात गात राहिली. अँपला आता १६ ओहम, म्हणजे आरामच. पण मेव्हण्याने गप्प झालेल्यालाही मल्टिमीटर लावला.

“सहा पॉइंट एक,” तो म्हणाला. “भावोजी, हापण गेला.” आणि तोही उचलून घेऊन गेला.