लेथ ‘एका सेकंदात’ थांबवण्याचा सल्ला : एक प्रतिवाद

लाकूड कातण्याच्या लेथवर व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. त्याचा आशय असा : लेथ जितका झटपट थांबेल तितका तो सुरक्षित, म्हणून थांबण्याचा वेळ एक सेकंदावर आणा, ब्रेकिंग रेझिस्टर, म्हणजे ब्रेकच्या वेळी परत येणारी ऊर्जा जिरवणारा रोधक, लावला की पुढची काळजी नाही, आणि कमाल फ्रिक्वेन्सी ५० वरून १०० हर्ट्झ केली की वेग बदलण्यासाठी पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर पुन्हा कधी हलवावा लागत नाही. पेन किंवा लहान मुठी कातणाऱ्याला हा सल्ला बऱ्याचदा खपून जातो आणि त्यामुळेच तो टिकून आहे. जड ठोकळा चकवर, म्हणजे लाकूड धरणाऱ्या पकडीवर, चढला की मात्र यातील प्रत्येक विधान लंगडे पडते.

झटपट म्हणजे सुरक्षित, हे पहिले विधान. बहुतेक लाकडी लेथवर चक स्पिंडलच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्याच्या, आट्यांवर बसवलेला असतो. लेथ सुरू होताना स्पिंडल चकला पुढे रेटतो आणि आटे घट्ट होतात. थांबताना नेमके उलटे घडते, कारण स्पिंडल मंदावला तरी ठोकळा जडत्वामुळे पुढेच जाऊ पाहतो आणि चक सैल होण्याच्या दिशेने ओढला जातो. ४०० मिलिमीटर व्यासाचा आणि १२० मिलिमीटर जाडीचा ओला ठोकळा साधारण १२ किलो भरतो. मिनिटाला ५०० फेऱ्यांनी फिरणारा असा ठोकळा सहा सेकंदांत थांबवताना आट्यांवर सुमारे २ न्यूटन-मीटर उलटा पीळ येतो. एका सेकंदात थांबवताना तोच साडेबाराच्या घरात जातो. चकला ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला स्पिंडलवर जखडणारा छोटा स्क्रू, असेल तर तो जरूर आवळावा, पण त्याच्या भरवशावर वाटेल तसा ब्रेक लावण्यात शहाणपण नाही. शिवाय ज्या अपघातासाठी हा ब्रेक हवा असे सांगितले जाते, त्यात तो पुरा पडत नाही. ५०० फेऱ्यांवरून एका सेकंदात थांबणारा ठोकळाही थांबेपर्यंत चार फेरे घेतो आणि हत्यार लाकडात अडकण्याचा प्रकार एका फेऱ्याच्या आतच घडून गेलेला असतो. वीज गेली तर इलेक्ट्रॉनिक ब्रेकवर विसंबताच येत नाही. हा ब्रेक सोयीसाठी आहे. चेहऱ्यावरील ढाल आणि ठोकळ्याच्या फिरण्याच्या रेषेबाहेर उभे राहणे यांची जागा तो घेऊ शकत नाही.

‘एक सेकंद’ या आकड्याविषयीच मोठा गैरसमज आहे, आणि माझ्या मते संपूर्ण सल्ल्यातील सर्वांत घातक भाग हाच आहे. बहुतेक ड्राइव्हमध्ये डिसेलरेशन टाइम म्हणून जो आकडा भरला जातो, तो कमाल फ्रिक्वेन्सीपासून शून्यापर्यंत उतरण्याचा वेळ असतो. लेथ त्या क्षणी ज्या वेगाने चालला आहे, तिथपासूनचा नव्हे. कमाल ५० हर्ट्झ आणि वेळ एक सेकंद असा मेळ असताना लेथ १७ हर्ट्झवर चालत असेल, तर ड्राइव्ह त्याला सुमारे एकतृतीयांश सेकंदात थांबवू पाहतो. त्यात सल्ल्याप्रमाणे कमाल फ्रिक्वेन्सी १०० केली आणि वेळ तसाच ठेवला, तर उतार दुप्पट तीव्र होतो आणि तोच लेथ सेकंदाच्या सहाव्या भागात थांबवण्याची आज्ञा मोटरला मिळते. दोन्ही सूचना एका दमात देणाऱ्यांच्या हे ध्यानात आलेले दिसत नाही.

ही आज्ञा पाळली जाईलच असेही नाही. ठोकळा मोटरला ढकलू लागला की मोटर जनित्रासारखी वागते आणि फिरत्या लाकडातील ऊर्जा ड्राइव्हच्या डीसी बसमधील, म्हणजे त्याच्या आतल्या एकदिश विजेच्या भागातील, कपॅसिटरमध्ये परत येते. २३० व्होल्टच्या सिंगल-फेज पुरवठ्यावर हा बस साधारण ३२५ व्होल्टवर असतो. ब्रेकच्या वेळी तो वर चढत ४०० च्या आसपास गेला की ड्राइव्ह स्वतःच्या संरक्षणासाठी ओव्हरव्होल्टेजचा दोष दाखवून मोटरचा पुरवठा तोडतो. त्यानंतर ब्रेक उरत नाही आणि लेथ मोकळा फिरत आपल्या गतीने थांबतो. म्हणजे अतिघाईचा आकडा भरल्यामुळे थांबायला उलट जास्त वेळ लागतो, आणि तोही अशा क्षणी, जेव्हा कारागिराने ब्रेक गृहीत धरलेला असतो. काही ड्राइव्ह दोष न दाखवता उतार आपोआप लांबवतात. त्यांच्याबाबतीत एक सेकंद हा आकडा पडद्यावरच राहतो.

रेझिस्टर यावर उपाय आहे, पण अर्ध्याच प्रश्नावर. परत आलेली ऊर्जा तो उष्णतेत घालवतो, त्यामुळे बसचे व्होल्टेज आटोक्यात राहते. मात्र ड्राइव्हमध्ये ब्रेक चॉपर, म्हणजे ही ऊर्जा रेझिस्टरकडे वळवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, असावा लागतो आणि रेझिस्टरचे ओहम उत्पादकाने दिलेल्या किमान मूल्याखाली जाता कामा नयेत. ड्राइव्हची अडचण अशी दूर झाली की चकवरील पीळ पूर्ण जोराने पोहोचू लागतो. ज्याने रेझिस्टर लावला त्याने डिसेलरेशन टाइम अधिक विचाराने ठरवायला हवा, इथे सल्ला नेमका उलट दिशेने जातो. मोटरमध्ये एकदिश प्रवाह सोडून तिला रोखणाऱ्या डीसी इंजेक्शन ब्रेकचेही तसेच : त्यात ऊर्जा रोटरमध्येच, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागातच, उष्णता होऊन साचते, म्हणून शेवटच्या दोन-तीन हर्ट्झपुरता तो ठीक आहे.

राहिला पट्टा. मोटरच्या मूळ फ्रिक्वेन्सीखाली, म्हणजे इथे ५० हर्ट्झखाली, ड्राइव्ह फार तर टॉर्क (पीळ) कायम राखतो. शक्ती वेगाच्या प्रमाणात घटते. दीड किलोवॅटची, १४४० फेऱ्यांची मोटर सुमारे १० न्यूटन-मीटर देते. एकास एक पुलीवर ५०० फेऱ्यांसाठी ती १७ हर्ट्झवर चालवली, तर हाती जेमतेम अर्धा किलोवॅट उरतो आणि मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावल्याने ती तापते. तीनास एक पुलीवर (मोटरचे तीन फेरे, स्पिंडलचा एक) तीच मोटर ५० हर्ट्झवर ४८० फेरे देते, पूर्ण शक्तीनिशी आणि तिप्पट टॉर्कने. १०० हर्ट्झच्या बाजूला तर टॉर्कच घटतो, आणि एकास एक पुलीवर वेगाच्या नॉबला चुकून धक्का लागला तर ४०० मिलिमीटरचा ठोकळा २८०० च्या पुढे जाऊ शकतो. इंचांतील व्यास गुणिले फेरे हा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये ठेवावा, या प्रचलित हिशोबाने त्याची मर्यादा ३७५ ते ५६० फेऱ्यांची आहे. ५०० वरून २८८० वर लाकडाला बाहेर फेकणारा जोर तेहतीस पट होतो.

आकडा ठरवायचा तर सर्वांत जड कामावरून ठरवावा. आधी पुली निवडावी, कमाल फ्रिक्वेन्सी त्या कामाला साजेशी बांधून घ्यावी आणि डिसेलरेशन टाइम दहा सेकंदांपासून हळूहळू खाली आणावा. टेलस्टॉक, म्हणजे ठोकळ्याला दुसऱ्या बाजूने आधार देणारा भाग, टेकवलेला असतानाच प्रत्येक बदल तपासावा आणि लेथ बंद करून चक आट्यांवर सरकला का, हे स्पिंडल व चकवर खडूने ओढलेल्या एकाच रेघेवरून पाहावे. रेघ तुटलेली दिसली, तर दोष आलेला नसला तरीही वेळ वाढवावा. अनेक ड्राइव्हमध्ये दुसरा डिसेलरेशन टाइम साठवून तो एका स्विचने निवडण्याची सोय असते. दोन्ही टोकांना सेंटरच्या टोकदार आधारांमध्ये धरलेल्या बारीक कामासाठी दोन-तीन सेकंद तिथे बिनदिक्कत ठेवता येतात.