गोल्फच्या हिरवळीखालचा अष्टकोन

परवा इथल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की न्यूअर्कचा गोल्फ क्लब उगाच हलवला, शंभर वर्षं त्यांनीच तर ती प्राचीन बांधांची जागा सांभाळली. तिथे दोन ओळीत उत्तर देणं मला जमेना, म्हणून इथे लिहितेय. लांब झालंय, पण वाचा.

हे न्यूअर्क न्यू जर्सीचं नव्हे, ओहायोचं. कोलंबसहून गाडीने पाऊण तास. आपल्याकडे सातवाहनांचं राज्य होतं साधारण त्या काळात तिथल्या लोकांनी मातीचे बांध घालून एक भलंमोठं वर्तुळ केलं, व्यास 1,054 फूट, त्याला जोडून 50 एकरांचा अष्टकोन आणि दोघांना सांधणारी दोन समांतर बांधांची वाट. हाताशी बैल नाही, चाक नाही, लोखंड नाही. काठ्यांनी माती उकरायची, टोपलीत भरायची, आणून ओतायची, की पुन्हा मागे. अभ्यासक या लोकांना होपवेल म्हणतात, पण ते नाव त्यांचं नाहीच, ज्याच्या शेतात उत्खनन झालं त्या शेतमालकाचं आहे! या लोकांच्या ओहायोतल्या जागांवर यलोस्टोनकडचा काळा काचेसारखा दगड सापडलाय, ग्रेट लेक्सचं तांबं सापडलंय, मेक्सिकोच्या आखातातले शंख सापडलेत, म्हणजे किती लांबून माणसं येत असतील बघा.

आणि ही नुसती भूमितीची हौस नव्हती. चंद्र रोज एकाच जागी उगवत नाही, त्याची उगवायची जागा क्षितिजावर डावी-उजवीकडे सरकत राहते आणि दर 18.6 वर्षांनी ती उत्तरेच्या अगदी टोकाला पोचते. इंडियानातल्या अर्लहॅम कॉलेजचे रे हाइव्हली आणि रॉबर्ट हॉर्न या दोन प्राध्यापकांनी 1982 साली मांडलं की वर्तुळाच्या मधून त्या वाटेने अष्टकोनाकडे सरळ बघितलं की नजर जाते ती नेमकी त्या टोकाच्या चंद्रोदयाकडे. एवढं ठरवायचं तर आधी किती पिढ्यांनी चंद्राकडे बघितलं असेल, आणि बघितलेलं पुढच्यांना सांगितलं असेल, तेही लिपी नसताना. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोपच आली नाही.

तर या जागेवर 1910 पासून गोल्फ. क्लबने जागा भाड्याने घेतली आणि बांध हेच खेळातले अडथळे झाले, बॉल त्यांच्यावरून मारायचा. 1933 पासून मालकी राज्याच्या इतिहास संस्थेकडे होती, तरी भाडेकरार वाढत वाढत 2078 पर्यंत गेलेला. लोकांना सगळी जागा मोकळी मिळायची ती वर्षातून 4 दिवस. इतर दिवशी पार्किंगजवळच्या लाकडी मचाणावरून बघायचं.

मी त्या मचाणावर उभी राहिलेय. बाबा भारतातून आले होते तेव्हाची गोष्ट. कुणी काही वाईट वागलं नाही, खेळणारे हसून हॅलोसुद्धा म्हणाले. पण मचाणावरून अष्टकोन दिसतच नाही हो, दिसते ती छान कापलेली हिरवळ, मधे उंचवटे, झेंडा, आणि बांधाच्या पायथ्याशी पडलेला एक पांढरा बॉल. बाबा बराच वेळ बघून म्हणाले, "म्हणजे हे यांचं देऊळच की. मग आत का जायचं नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

आता मूळ मुद्दा. क्लबने जागा सांभाळली हे खोटं नाही, मी नाकारणार पण नाही. न्यूअर्कचे हे सगळे बांध मिळून चार चौरस मैलांच्या वर पसरलेले होते, त्यातले बहुतेक कालवा, रेल्वे, रस्ते आणि घरांखाली गेले. अष्टकोन निदान शिल्लक राहिला. पण सांभाळलं म्हणून ते त्यांचं झालं का? चंद्रभागेचं वाळवंट उद्या एखाद्या क्लबने अगदी स्वच्छ, लख्ख ठेवलं आणि वारकऱ्यांना वर्षातून 4 दिवस सोडलं, तर आपण त्यांना थँक्यू म्हणू का?

आणि ज्यांचं हे आहे ते लोक तिथे नव्हते कारण त्यांना राहूच दिलं नाही. मूळ रहिवाशांना पश्चिमेला हलवायच्या 1830 च्या कायद्यानंतर शॉनी आणि इतर जमातींना ओहायोतून मिसिसिपीपलीकडे हाकललं. आज ईस्टर्न शॉनी जमात ओक्लाहोमात आहे आणि त्यांच्या प्रमुख ग्लेना वॉलेस वर्षानुवर्षं सांगत आल्या की ही जागा खुली करा. अमेरिकेचा इतिहास म्हटलं की आपल्यालासुद्धा 1776 च आठवतं, मुलांच्या शाळेत पण तेच, आणि त्याच्या आधीचा इतिहास असा गोल्फच्या मैदानाखाली.

इतिहास संस्थेने भाडेकरार संपवायचं ठरवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. डिसेंबर 2022 मध्ये ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 1 असा निकाल दिला की मोबदला देऊन भाडेकरार संपवता येईल. सप्टेंबर 2023 मध्ये अशा आठ जागांना मिळून युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, ओहायोतला पहिला. मग पैशांवर बरंच ताणलं गेलं, 2024 ला समझोता झाला आणि 1 जानेवारी 2025 पासून जागा सगळ्यांना खुली. क्लबला मोबदला मिळाला, तोही योग्यच. खेळायला ओहायोत मैदानांची काय कमी आहे, असा अष्टकोन दुसरीकडे कुठे हलवणार?

एप्रिलमध्ये मी लेकीला घेऊन गेले. बांध पाच-सहा फुटांचे, लांबून काहीच वाटत नाहीत. पण अष्टकोनाच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेतून आत शिरलो आणि चालत राहिलो, चालत राहिलो, तरी समोरची बाजू जवळ येईना. लेक पावलं मोजत होती, सहाशेच्या पुढे गेल्यावर तिने नाद सोडला आणि गवतात बसली. बाबांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झालेली, ते जागे होते. म्हणाले, "फोन हळूहळू फिरव, मला सगळे आठ कोपरे बघायचेत."