ओकीफबाईंची चित्रं न बघता कशी समजून घ्यावीत

लेकाकडे अमेरिकेला सहा महिने गेलात की नायगारा होतो, कॉस्टको तर दर शनिवारी होतं, आणि मग एक दिवस म्युझियम येतं. शिकागोत असाल तर आर्ट इन्स्टिट्यूट. तिथं जॉर्जिया ओकीफ हे नाव दिसलं तर गांगरू नका. या बाईंवर अधिकारवाणीने बोलायला चित्राकडे बघावं लागत नाही. लोक शंभर वर्षं तसंच बोलत आलेत, कुणाचं काही अडलेलं नाही.

सुरुवात नवऱ्यापासून करा. बाई 1887 साली विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याघरी जन्मल्या, शिकागो-न्यूयॉर्कला शिकल्या, 1908 मध्ये मेलेला ससा आणि तांब्याचं भांडं रंगवून बक्षीस मिळवलं, मग टेक्सास आणि साउथ कॅरोलायनात मास्तरकी केली, हे सगळं मी उरकलं तसं एका दमात उरका. खरी कथा 1916 पासून. बाईंची कोळशाने काढलेली चित्रं एका मैत्रिणीने न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या बड्या फोटोग्राफरला दाखवली. त्याने ती बाईंना न विचारता आपल्या गॅलरीत टांगली. बाई तणतणत गेल्या, म्हणाल्या, उतरवा. चित्रं भिंतीवरच राहिली. दुसऱ्याची वस्तू न विचारता मांडणाऱ्याला एरवी आपण काय म्हणतो ते इथं म्हणायचं नाही. इथं म्हणायचं, ‘त्याने तिला शोधून काढलं.’ तो त्यांच्यापेक्षा तेवीस वर्षांनी मोठा आणि विवाहित होता. त्यांचं लग्न 1924 मध्ये झालं. त्याआधीच, 1921 मध्ये, त्याने बाईंचे काढलेले फोटो प्रदर्शनात मांडले होते आणि त्यांत काही विवस्त्रही होते. तेव्हापासून समीक्षकांचं काम फार सोपं झालं.

मग फुलाकडे वळा. म्हणजे बघू नका, नुसते वळा. चार फुटी कॅनव्हासवर एकच फूल. फूल लहान असतं, कुणी थांबून बघत नाही, मोठं केलं तर कामाच्या घाईतला न्यूयॉर्ककरही दचकून थांबेल, असा बाईंचा हिशोब होता. न्यूयॉर्ककर थांबला. त्याला फूल सोडून बाकी सगळं दिसलं, म्हणजे मुख्यतः बाईचं शरीर. बाईंनी 1939 मध्ये लिहूनच टाकलं की तुमच्या मनातलं तुम्ही माझ्या फुलावर लटकवता आणि मलाही तेच दिसतं असं धरून चालता. मला ते दिसत नाही. यावर तुम्ही किंचित हसायचं आणि म्हणायचं, ‘त्या असंच म्हणणार.’

हे नाही जमलं तर किमतीवर या. बाईंनी 1932 मध्ये रंगवलेलं एक पांढरं फूल 2014 मध्ये लिलावात 4 कोटी 44 लाख डॉलरना गेलं. बाईमाणसाच्या चित्राला तोवर लिलावात एवढी किंमत आली नव्हती. फूल कसलं? धोत्र्याचं. आपल्याकडे शंकराला वाहतात ते. घरी मंडळींना हे सांगा, पुढची वीस मिनिटं रुपयांच्या हिशोबात जातील आणि चित्राचा विषयच निघणार नाही.

अननसाची गोष्ट मात्र टाळलेली बरी. 1939 मध्ये हवाईच्या अननस कंपनीने जाहिरातीच्या दोन चित्रांसाठी बाईंना बोलावलं, सगळा खर्च केला. बाई नऊ आठवडे राहिल्या, धबधबे रंगवले, फुलं रंगवली आणि कंपनीच्या हातात काय ठेवलं, तर पपईचं झाड. कंपनीने शेवटी विमानाने अननसाचं रोप न्यूयॉर्कला पाठवलं. तेव्हा कुठे एक कोवळा अननस कॅनव्हासवर उतरला. या गोष्टीत नवरा नाही, जिथंतिथं दडलेली कामवासना शोधणारा मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड नाही. सांगून उपयोग काय?

तसंच ते दार. न्यू मेक्सिकोत आबिक्यू गावी एक पडकं मातीचं घर होतं, चर्चच्या मालकीचं. बाई दहा वर्षं मागे लागल्या आणि 1945 मध्ये ते पदरात पाडून घेतलं. कशासाठी, तर अंगणाच्या भिंतीत एक दार होतं. तपकिरी भिंत, काळा चौकोन. तो त्यांनी वीसेक वेळा रंगवला. उन्हात, बर्फात, कधी चौकोन मधोमध, कधी कडेला सरकलेला. चौकोनावर काही लटकवता येत नाही. दाराचं चित्र समोर आलं की बाथरूमला जाऊन या.

फार बोलायची वेळ आली तर ‘सर्वश्रेष्ठ स्त्री-चित्रकार’ म्हणून मोकळं व्हा. त्यातला ‘स्त्री’ बाईंना खपत नसे. पण त्या 1986 मध्ये अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या, आता हरकत कोण घेणार?

राहता राहिला आर्ट इन्स्टिट्यूटच्या जिन्यावरचा तो चोवीस फुटी कॅनव्हास. खाली पांढऱ्या लाद्यांसारखे ढग, रांगेने, लांब जाताना बारीक होत गेलेले, वर क्षितिजाला गुलाबी पट्टा. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी बाईंनी तो गॅरेजमध्ये रंगवला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोला न्यायचा होता, पण तिथल्या म्युझियमच्या दारातून तो आत जाईना, म्हणून शिकागोतच राहिला. इथं सूनबाईंना ‘अनंताचा शोध’ वगैरे ऐकवायची तयारी ठेवा. फक्त बायकोवर लक्ष ठेवा. परवाच सतरा तास विमानात खिडकीशी बसून आलेली आहे ती, मान वर करून बघेल आणि पटकन बोलून जाईल, ‘अहो, विमानातून असंच तर दिसत होतं!’ लगेच कोपराने ढोसा. बाईंनी नेमकं तेच रंगवलंय, हे जिन्यावर कुणाला कळता कामा नये.