कोरियाची ज्युदो पदकं सैन्याच्या भीतीतून येतात?

‘कोरियाचे ज्युदोपटू जीव तोडून खेळतात, कारण पदक नाही मिळालं तर सक्तीने सैन्यात जावं लागतं. भारतातही असाच कायदा करा, मग बघा पदकांचा पाऊस!’ ऑलिंपिक जवळ आलं की हा मजकूर फिरू लागतो.

यातला पाया खरा आहे. दक्षिण कोरियात पुरुषांना सैन्यसेवा सक्तीची आहे, आणि ऑलिंपिकच्या कोणत्याही पदकावर किंवा आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णावर तिच्यातून सूट मिळते. खेळाडूंना ती हवी असते, यात वाद नाही. मात्र पुढचा निष्कर्ष टिकत नाही.

सक्ती फक्त पुरुषांना आहे. मग बायकांचं काय? १९९२ साली बार्सिलोनात किम मी-जंगने जपानच्या योको तानाबेला अंतिम लढतीत हरवून सुवर्ण घेतलं, ते कुठल्या भीतीने? १९९६ च्या अटलांटात कोरियाने ज्युदोत आठ पदकं मिळवली, त्यातली चार महिलांची होती आणि चो मिन-सनचं त्यात सुवर्ण होतं. पॅरिसमध्ये २०२४ साली रौप्य मिळवणारी हुह मी-मी तर टोकियोत जन्मली, वाढली. जपानकडून खेळण्याची वाट मोकळी असताना आजीच्या शेवटच्या इच्छेसाठी ती कोरियात आली. त्याच वर्षी मे महिन्यात अबू धाबीला कॅनडाच्या क्रिस्टा देगुचीला हरवून ती जगज्जेती झाली होती. पॅरिसची अंतिम लढत त्याच देगुचीशी झाली आणि तिसऱ्या शिदोवर, म्हणजे पंचांनी दिलेल्या दंडावर, हुह हरली. तो शिदो मला अजून पटलेला नाही, पण ते असो.

आता पुरुष. चोई मिन-होला अथेन्समध्ये कांस्य मिळालं, म्हणजे सूट २००४ लाच पदरात पडली. तरी २००८ ला बीजिंगमध्ये त्याने पाचही लढती इप्पॉनने, आपल्या भाषेत चितपट, जिंकून सुवर्ण नेलं. किम जे-बमचं तेच. बीजिंगमध्ये जर्मनीच्या ओले बिशॉफकडून हरून रौप्य, आणि चार वर्षांनी लंडनमध्ये त्याच बिशॉफला हरवून सुवर्ण. भीती संपल्यावर ही भूक कुठून आली?

शिवाय सूट सगळ्याच खेळांना आहे. जलतरणपटूलाही तेच आमिष, तरी पोहण्यात कोरियाचं ऑलिंपिक सुवर्ण एकच, पार्क ते-ह्वानचं. ज्युदोत अकरा. आणि या अकरातलं शेवटचं २०१२ चं. नियम आजही आहे, सुवर्ण मात्र रिओ, टोकियो, पॅरिस तिन्ही ठिकाणी आलं नाही.

‘पदक नाही तर कारकीर्द संपली’ हेही अर्धवट. सैन्याचं स्वतःचं क्रीडापथक आहे, सांगमू, तिथे नोकरी करता करता सराव चालतो. आणि सूट मिळालेल्यालाही काही आठवड्यांचं लष्करी प्रशिक्षण आणि ३४ महिने आपल्याच क्षेत्रात सेवा चुकत नाही.

खरं कारण कंटाळवाणं आहे, म्हणून ते फॉरवर्ड होत नाही. १९५३ साली फक्त ज्युदो शिकवायला एक संस्था निघाली, तीच आजची योंग-इन विद्यापीठ. १९६६ पासून तेरुंगचं राष्ट्रीय सराव केंद्र, आता ते जिनचॉनला. आणि निवडीची जीवघेणी चुरस: सोंग डे-नाम वर्षानुवर्षं ८१ किलो गटात किम जे-बमच्या मागे अडकला, शेवटी ९० किलोत गेला आणि लंडनला वयाच्या ३३ व्या वर्षी सुवर्ण घेऊन आला. जिंकल्यावर त्याने आणि प्रशिक्षक चंग हूनने मॅटशेजारीच एकमेकांना गुडघे टेकून नमस्कार केला. घरातच असे प्रतिस्पर्धी असतील तर वेगळी भीती घालावी लागत नाही.

राहिला ‘भारतातही करा’. भारताला ज्युदोत ऑलिंपिक पदक अजून नाही, पॅरिसला तूलिका मान एकटी गेली होती. तिला सैन्याचा धाक दाखवून काय होणार? आपल्याकडे सैन्य ही शिक्षा नाहीच, खेळाडूंसाठी ती मिळवायची नोकरी आहे. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट त्यासाठीच उभी आहे, आणि बीडचा अविनाश साबळे शर्यतीत उतरला तोच मुळी महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर.