चुलवाणाच्या तोंडाशी बसलेल्या माणसाबद्दल

गुऱ्हाळं सुरू झाली की रस उकळणाऱ्या काहिलीचे, म्हणजे मोठ्या कढईचे, ताज्या काकवीचे फोटो फेसबुकवर दिसायला लागतात. काहिलीखालच्या भट्टीत, म्हणजे चुलवाणात, जाळ घालणाऱ्या माणसाचा फोटो मात्र कुणी टाकत नाही. तो काहिलीच्या पलीकडे, खाली खड्ड्यात असतो.

गुऱ्हाळांच्या गावातच वाढलोय, म्हणून सांगतो. चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, कडक वाळलेलं असेल आणि धुराड्याला ओढ असेल तर निभतं. पण अवकाळी पावसानं चिपाड ओलं झालं किंवा वारा फिरला, की धूर चुलवाणाच्या तोंडातून उलटा बाहेर येतो. तेव्हा जाळ घालणाऱ्याला उठून जाता येत नाही, जाळ पडला तर काहिलीतलं रसाचं आदण बिघडतं. नाकातोंडाला टॉवेल गुंडाळून तो चिपाड आत सारत राहतो. सकाळी खाकरला की बेडका काळा. काही ठिकाणी तर जुन्या चपला, टायर, प्लास्टिकही जाळात घालतात. हा निव्वळ गुन्हा आहे.

टॉवेलानं जाड काजळी तेवढी अडते. धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. वर्षानुवर्षं हे चाललं की श्वासनलिका अरुंद होतात, आणि गेलेला दम औषधानंही पूर्ण परत येत नाही. हाच सीओपीडी. पुण्याचे फुप्फुसतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी २००९ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं की कधीही बिडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही तो मोठ्या प्रमाणावर होतो. तरी दवाखान्यात विचारतात काय, तर बिडी ओढता का? नाही म्हटलं की खोकल्याची बाटली. काम काय करता, हे विचारायला हवं ना!

बुरशी धरलेल्या चिपाडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार वेगळाच, बगॅसोसिस. भरपाईच्या कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत त्याचं नाव आहे. पण उचल घेऊन आलेल्या, कुठल्याच हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

गुऱ्हाळमालकांना हात जोडून विनंती आहे. हंगामाआधी धुराड्यातली काजळी काढून घ्या, चिपाड झाकून ठेवा, जाळावर एकाच माणसाला दिवसभर बसवू नका. एन-९५ मास्क द्या, जाळापुढं तो घालणं त्रासाचं आहे हे कबूल, पण चिपाड हलवताना तरी घालू दे. आणि ज्याला चढ चढताना धाप लागते, त्याची स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजणारी तपासणी, करून घ्या. नळीत जोरात फुंकायचं असतं, सुई नाही की काही नाही. खर्च मालकानं करावा, त्याच्या मजुरीतून कापू नये.