टोचे मारलेला शाफ्ट

सलग तिसरा रविवार त्या सुतारकामाच्या मशीनखाली उताणं पडण्यात गेला, आणि आज शाफ्ट बाहेर आल्यापासून डोकं असं भणभणतंय की लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही.

मशीन जुनं आहे. एकाच सांगाड्यावर रंधा, गोल करवत, शेजारी भोकं पाडायची सोय आणि या सगळ्याला मिळून एक मोटर. बिडाचं टेबल दोघांनाही उचलत नाही. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. गंज खरवडू, पट्टे बदलू, बेअरिंगं बदलू. ज्यानं हे बनवलं त्यानं ते खोलता यावं, पुन्हा जोडता यावं असंच बनवलंय. माझा संताप मधल्या काळात यावर हात मारून गेलेल्यांवर आहे. ‘चालतंय ना? मग झालं तर!’ म्हणत कसंबसं भागवून गेलेल्यांवर.

रंध्याच्या ब्लॉकला, म्हणजे पाती धरून फिरणाऱ्या दंडगोलाला, बेअरिंग साधं ६२०५ नंबरचं. आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरून ५२, रुंदी १५. कुठेही मिळणारा माल. शाफ्टवर ते इतकं घट्ट बसायला हवं की काढायला पुलर लागावा. इथे पुलर लावायच्या आधीच ते अलगद माझ्या हातात आलं. ग्रीस पुसलं तर काय, बेअरिंगच्या जागेवर चहूबाजूंनी सेंटर पंचचे, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याचे, टोचे! शाफ्ट झिजला, बेअरिंग सैल झालं, म्हणून कुणा शहाण्यानं टोचे मारले. टोच्याभोवती धातू जरासा वर येतो आणि त्या उंचवट्यांवर बेअरिंग अडकतं. काही दिवस. मग उंचवटे दबतात, आतली रिंग पुन्हा शाफ्टवर घसरायला लागते आणि शाफ्ट आणखी खातो. व्हर्नियर लावून मापलं, २५ च्या जागी २४.८ आले.

अरे, ही मोटर मिनिटाला २८८० फेऱ्यांची. १५० मिलिमीटरच्या पुलीवरून १०० च्या पुलीवर पट्टा. म्हणजे तो ब्लॉक मिनिटाला ४३०० च्या आसपास फिरतो, सेकंदाला सत्तर वेळा, आणि त्यात धार लावलेली पाती बसवलेली असतात. हाताचा पंजा तिथून वितीवर असतो! आणि तो ब्लॉक तुम्ही टोच्यांच्या भरवशावर सोडलात?

दुसऱ्या टोकाचं बेअरिंग बोटानं हळू फिरवलं तर दर फेरीला खडखड. कारण उघड आहे, ते बाहेरच्या रिंगवर हातोडा घालून चढवलंय. शाफ्टवर बेअरिंग चढवताना जोर आतल्या रिंगवर द्यायचा असतो. नाहीतर सगळा मार गोळ्यांतून जातो आणि त्यांच्या वाटेत खड्डे पडतात. नळीचा एक तुकडा लागतो या कामाला, एवढंच. तोही घ्यायचा कंटाळा!

पुलीची कथा तर ऐकवत नाही. पुली शाफ्टवर आवळून धरणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू काढला तरी पुली हलेना. तेल सोडलं, शेकलं, रात्रभर ठेवलं. शेवटी भोकात बॅटरी मारून पाहिलं तर खाली दुसरा ग्रब स्क्रू. वरचा फक्त खालच्याला अडकवून ठेवायला असतो, ही जुनीच पद्धत. आधीच्यानं तो पाहिलाच नाही. पाहिला असेल तर चुकीच्या मापाची अॅलन की, म्हणजे षटकोनी चावी, घालून त्याचे कोपरे गोल करून ठेवले, आणि मग पुलीच्या कडेवर हातोडे घातले. बिडाची ती, कडेचा टवका उडाला. त्याच टवक्यानं पट्टे चावून खाल्ले असणार. मग नवा पट्टा, पुन्हा नवा पट्टा. पुली मात्र कुणी बदलली नाही.

तेलाची भोकं रंगानं बुजवली आहेत, तेही सोडून देतो.

पण करवतीमागची फाळ, पात्याच्या मागे चिरेत उभी राहणारी ती पत्र्याची पट्टी, कुणी काढली? चीर मिटून लाकूड पात्याला आवळू नये म्हणूनच ती असते. आवळलं की मागचे वर येणारे दात लाकूड उचलून थेट उभ्या माणसाच्या अंगावर फेकतात. इथे फाळ नाही, तिचा बोल्टही नाही, आणि बोल्टचं भोक वेल्डिंगनं भरून टाकलंय. म्हणजे कुणीतरी विचार करून, वेळ काढून ती कायमची घालवली! याला अज्ञान म्हणायची माझी तयारी नाही.

उद्या शाफ्ट लेथवर नेतो. जागा वेल्डिंगनं भरून पुन्हा २५ ला उतरवावी लागेल, ब्लॉक आणि शाफ्ट एकाच तुकड्यात असल्यामुळे नुसता शाफ्ट बदलता येत नाही. फाळेसाठी पत्रा मोजून ठेवलाय, पात्याच्या अंगापेक्षा जाड आणि दातांच्या चिरेपेक्षा किंचित बारीक. तो खालचा ग्रब स्क्रू अजून पुलीतच आहे.