बिगुल वाजत असताना तरी गप्प बसा

आज 29 जानेवारी. दिल्लीच्या विजय चौकातला, प्रजासत्ताक दिनाच्या समारंभाची सांगता करणारा बीटिंग रिट्रीटचा सोहळा दूरचित्रवाणीवर पाहत होतो. बिगुल वाजला, राष्ट्रध्वज सावकाश खाली येऊ लागला आणि नेमक्या त्याच क्षणी निवेदकाला शौर्याविषयी विशेषणांचा पाऊस पाडावासा वाटला. संताप झाला, म्हणून हे लिहितो आहे.

आमचे अप्पा सैन्यातून निवृत्त झालेले. दरवर्षी या वेळेला ते आईला कुकरखालचा गॅस बंद करायला लावत. बिगुलावर शिट्टी होता कामा नये, एवढेच कारण. मग चपला काढून कृष्णधवल संचासमोर सावधान उभे राहत आणि आम्हीही मुकाट्याने उभे राहत असू.

शौर्य दाखवायचे ते 26 तारखेला दाखवून झालेले असते. सूर्यास्ताचा बिगुल झाला की लढाई थांबत असे, शस्त्रे म्यान होत, निशाणे उतरत आणि सैनिक छावणीत परतत, त्या काळची ही प्रथा आहे. 1950च्या दशकाच्या प्रारंभी ग्रेनेडियर्स या पायदळाच्या रेजिमेंटमधील मेजर रॉबर्ट्स यांनी आपल्याकडे तिला एकत्रित वाद्यवृंदांच्या संचलनाचे रूप दिले. प्रमुख संचालक राष्ट्रपतींसमोर जाऊन वाद्यवृंद परत नेण्याची परवानगी मागतो. एवढे मोठे सैन्य, आणि घरी जाण्यासाठी रीतसर परवानगी मागते! हे पाहताना अप्पांचा गळा दाटून येई. 2001 साली भूजच्या भूकंपानंतर हा सोहळाच रद्द झाला होता, म्हणजे गप्प राहणे आपल्याला जमत होते.

2022 मध्ये ‘अबाइड विथ मी’ ही गांधीजींची आवडती धून वगळली. परकी धून कशाला, असे म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. तिच्या जागी आलेले ‘ऐ मेरे वतन के लोगो’ ऐकताना माझेही डोळे भरतात. पण ‘अबाइड विथ मी’ला दुरून घंटा उत्तर देत, आणि ते उत्तर येईपर्यंत अप्पा श्वास रोखून धरीत. त्याच वर्षी आकाशात 1000 ड्रोन चढले. मुलांना आवडतात, आवडोत.

निवेदकावर तरी किती रागवावे? त्याला गप्प बसण्याचे पैसे मिळत नसावेत. एके वर्षी आई गॅस विसरली आणि ऐन बिगुलावर शिट्टी झाली, तेव्हा अप्पाही रागावले नव्हते. ध्वज उतरेपर्यंत तसेच उभे राहिले आणि नंतर बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत.

आज मी सवयीने उठून कुकरखालचा गॅस बंद केला. निवेदक बोलतच होता.